दहा वार

मिलच्या फोल्डिंग खात्यात अकरा वर्षं
मी कापड मोजलं.
मिल बंद पडली, भोंगा थांबला,
हाताची सवय थांबली नाही.
अशोक चौकातून घरापर्यंतचा रस्ताही
मी वारांतच चालायचो.

म्हणून लोकापुरे सरांनी मला बोलावलं.
मूळचे कबड्डीचे सर, आता अमेरिकन फुटबॉलचे.
म्हणाले, अंबादास, नवी लीग आहे,
काठमांडू, कोलंबो, मस्कत, नैरोबी,
आणि आपण.
साखळी धरायला माणूस पाहिजे.
दोन काठ्या, मध्ये साखळी, बरोब्बर दहा वार.
चार डावांत तेवढं सरकलं तर चेंडू आपला,
नाही तर त्यांचा.
मी म्हटलं, लुगड्याहून एकच वार जास्त की.

चेंडू पाहिला आणि हसूच आलं.
दोन्हीकडं टोक, पोटात फुगीर,
हा तर धोटा!
गोवर्धन यन्नमनं फेकला तेव्हा
गरगरत गेला सरळ,
ताणा नसलेल्या हवेतून
बाण्यासारखा.

पहिला सामना मार्चअखेर, पारा बेचाळीस.
हेल्मेटं उशिरा आली, त्यातली तीन मोठी;
मुदस्सरचं डोकं आतल्या आत फिरायचं.
त्याच्या आईनं टॉवेलची घडी आत शिवून दिली,
सोलापुरीच, कडेला अजून लेबल.
खांद्याला पॅड बांधलेली पोरं
रिक्षात मावेनात.
काठमांडूनं छत्तीस-शून्य केलं.
विडी घरकुलातल्या चार बाया बघायला आल्या होत्या,
मांडीवर सूप, हात वळण्यात.
एकीनं तेलुगूत विचारलं,
पडलेल्याच्या अंगावर पुन्हा का पडतात?
मला उत्तर आलं नाही.

मस्कतकडून हरलो. मस्कतला जाऊन पुन्हा हरलो.
कोलंबोच्या वेळी पंचानं अचानक
दोन्ही तळवे डोक्यावर जोडले;
आम्हाला वाटलं, नमस्कार करतोय.
पोरांनीही केला.
सर ओरडले, बे, दोन गुण मिळाले!
दोन-शून्य. तेवढाच विजय.
कसा मिळाला ते अजून
निम्म्या संघाला नीट कळलेलं नाही.

शेवटचा नैरोबीशी, आपल्याच मैदानात.
चार गुणांनी मागं, चाळीस सेकंद, चौथा डाव.
रेवणसिद्ध चेंडू पोटाशी धरून घुसला,
वर सात-आठ जण.
ढीग उपसला तेव्हा पंचानं मला खुणावलं.
मिलनंतर मी नव्या पेठेत
दोन वर्षं दुकानात होतो.
मालकानं शिकवलेलं,
मोजताना अंगठा जरा सरकव,
वारामागं बोटभर वाचतं.
साखळी ताणली तेव्हा
अंगठ्याला ते सगळं आठवलं.
पुढची काठी माझ्या हातात होती.
जराशी मागं कलली असती
तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

काठी मी उभी ठेवली.
चेंडू चार बोटं कमी.

रेवणसिद्धनं हेल्मेट काढलं
आणि चेंडूकडं न बघता माझ्याकडं बघितलं.

घरी बायकोनं विचारलं, कितीनं गेलं?
मी बोटं दाखवली.
म्हणाली, एवढं तर शिवणीत जातं.
कडक भाकरी मोडून
शेंगा चटणीत तेल ओतलं तिनं,
रोजच्यापेक्षा जास्त.

ती झोपल्यावर मी साखळी काढली,
मिलचा पितळी गज काढला,
अंगणात बल्बखाली अंथरून
एकेक वार मोजत गेलो.
काय निघालं
ते सरांनाही सांगितलेलं नाही.

चौथ्या दिवशी नळाला पाणी आलं.
घागर लावून रेवणसिद्ध उभा होता,
कोपर सोललेलं, त्यावर हळद.
काका, म्हणाला, खरंच चार?

माझी घागर भरून वाहत होती.
ती मी उचलली,
आणि म्हटलं, चार.